पहिल्या रांगेतलं सातवं गाडगं

लग्न होऊन मी केमजवळच्या त्या माळावर आले तेव्हा घरात दोनच माणसं होती. एक माझे मालक आणि दुसरी त्यांची विधवा आत्या. चूल मात्र दहा माणसांच्या भाकरी होतील एवढी मोठी होती, आणि फळीवर आठ ताटं पालथी घातलेली असायची. त्यातली तीनच आम्ही वापरत असू. उरलेली पाच आत्याबाई दर अमावस्येला खाली काढून घासायच्या आणि पुन्हा पालथी घालून ठेवायच्या.

मानमोडीच्या तापाच्या साथीला तेव्हा सहा वर्षं झाली होती. अकरा दिवसांत त्या घरातली सात माणसं गेली होती. सासरे, सासू, दोन दीर, एक जाऊ, एक नणंद आणि माझ्या मालकांची पहिली बायको. मालक तेवढे वाचले. मी दुसरेपणाची, हे मला माहेरीच सांगितलं होतं. लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा एक बारका टाक बांधला, पहिलीच्या नावाचा. तो घातला नाही तर सवत त्रास देते, असं आईनं बजावलं होतं. नखाएवढा टाक, पण पहिले काही महिने तो मला भर उन्हातसुद्धा छातीवर गार लागायचा.

घराच्या मागं लिंबांची बाग होती. बाग म्हणजे चाळीस झाडं. पण त्या माळावर चाळीस हिरवी झाडं बघून मी पहिल्या दिवशी थबकलेच. वीतभर मातीखाली मुरूम, चहूकडं कुसळं आणि तरवड. विहिरीत मोट धरण्याएवढं पाणी पावसाळ्यानंतर दोन-तीन महिनेच. आणि मोट धरली तरी पाटानं जाता जाताच निम्मं पाणी माळ पिऊन टाकायचा. मग ही झाडं जगतात कशावर, असं मी विचारलं. आत्याबाई मला हाताला धरून झाडाजवळ घेऊन गेल्या आणि बुंध्यापासून हातभर अंतरावर जमिनीत रुतलेली एक खापरी दाखवली. ती उचलली तर खाली मडक्याचं तोंड. अख्खं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं आणि पाण्यानं भरलेलं.

"ह्याला आमी गाडगं म्हंतो," त्या म्हणाल्या. "पानी वर ओतलं तर ऊन पितंय. हितं घातलं तर झाडच पितंय. गाडग्याला घाम येतो की, तसं. मुळ्या येऊन बिलगत्यात, आन् लागंल तेवढंच घेत्यात."

त्यांचं सासर अक्कलकोटच्या खाली होतं. तिथं पानमळ्याच्या कडेनं अशी गाडगी पुरलेली त्यांनी पाहिली होती. माळावरची ही चाळीस त्यांनी स्वतः निवडून आणली होती. गाडगं कसं निवडायचं तेही त्यांनी मला शिकवलं. बोटाच्या पेरानं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ते फार भाजलेलं, त्याला घाम येत नाही. बद्द वाजलं तर कच्चं, पावसाळ्यात विरघळतं. मधल्या आवाजाचं घ्यायचं, पाणी भरून सकाळी कोरड्या मातीवर ठेवायचं आणि दुपारी उचलून बघायचं. खाली ओला गोल उमटला तर ते कामाचं. पुरल्यावर तोंड दोन बोटं वर ठेवायचं, वर खापरी, खापरीची कड ओल्या मातीनं लिंपायची, आणि भोवती ज्वारीचा सड, पालापाचोळा अंथरायचा. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी भरायचं, थंडीत पाचव्या-सहाव्या. चाळीस गाडग्यांना चाळीस घागरी. तेवढ्यात सगळी बाग.

हे काम माझ्याकडं आलं. आत्याबाई पुढं खापऱ्या उचलत जायच्या, मी घागर रिकामी करत जायची.

पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी मी बागेत एकटी होते. वारा पडला होता. झाडावर पाखरू नव्हतं. खाली बसून सड नीट करत होते आणि माझ्या मागं कुणीतरी पाणी प्यायलं. तहानलेलं माणूस भांड्याला तोंड लावून ओढतं, तसा एकच आवाज. मी मागं वळले. कुणी नव्हतं. मग डावीकडून तसाच आवाज आला, मग लांबून, मग अगदी पायापाशी. मी घागर तिथंच टाकून घराकडं पळाले.

आत्याबाई हसल्या नाहीत. "लिंपन वाळलं की बारीक फट पडती," त्या म्हणाल्या. "आतलं पानी कमी झालं की गाडगं वारा वढून घेतं. भिऊ नगंस." एवढं बोलून त्या पुन्हा ज्वारी निवडायला बसल्या, आणि जरा वेळानं खाली बघतच म्हणाल्या, "पन समदी गाडगी वाजत न्हाईत. पयल्या रांगंतलीच जास्त."

विहिरीजवळच्या त्या पहिल्या रांगेत सातच झाडं होती. बाकीच्या रांगा अकरा-अकराच्या. भरायला सुरुवात नेहमी पहिल्या रांगेतल्या सातव्या गाडग्यापासून करायची आणि मागं मागं पहिल्यापर्यंत यायचं, हा आत्याबाईंचा नेम. विहिरीपासून ते सातवं सगळ्यात लांब, म्हणून मला ते उलटं वाटायचं. आणि त्या सात गाडग्यांपाशी पाणी ओतताना त्या दर वेळी वाकून पुटपुटायच्या, "कुडी, कुडी."

बाकीच्या तेहतीस गाडग्यांना हा शब्द नव्हता.

कुडी म्हणजे आपल्यात देह. प्राण कुडीतून गेला म्हणतात, ती कुडी. सात माणसं गेली, सात गाडगी, आणि ही बाई जमिनीकडं बघून कुडी कुडी म्हणते. माझ्या मनानं जे घ्यायचं ते घेतलं. साथीत माणसं जाळायला लाकडं पुरली नव्हती, हे मी ऐकून होते. पहिल्या रांगेत मी पाय जपून टाकायला लागले. त्या झाडांची लिंबं मला तोंडात घालवेनात. ताटात आलं तर मी ते कडेला सारायची, आणि मालक ते उचलून स्वतःच्या वरणात पिळायचे.

असं जवळपास वर्ष गेलं. मग एकदा अक्कलकोटकडची एक कासारीण बांगड्या घेऊन आली. माझ्या हातात बांगड्या चढवताना ती आत्याबाईंशी कानडीत बोलत होती. तिनं पाणी मागितलं. आत्याबाईंनी तांब्या पुढं केला आणि म्हणाल्या, "कुडी."

मी कासारणीला दारापर्यंत पोचवायला गेले आणि विचारलं. ती म्हणाली, "कुडी म्हंजे पी, बाय. पानी पी."

त्या दिवशी मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. देह म्हणाल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं. त्या कुणाला तरी पाणी पी म्हणत होत्या.

आत्याबाईंनी स्वतः मला सगळं सांगितलं ते दुसऱ्या उन्हाळ्यात, एका प्रसंगामुळं. सातवं गाडगं फार लवकर रिकामं व्हायला लागलं होतं. बाकीची तीन दिवस पुरायची, हे एका दिवसात कोरडं. त्याचं झाड मात्र सगळ्यात थोर, सगळ्यांच्या आधी फुलायचं. गाडग्याला तडा गेला असेल म्हणून मी भर दुपारी खापरी काढली आणि तडा चाचपायला हात आत घातला.

हाताला केस लागले. ओले, दाट, बोटांत गुंतणारे केस. मी हात ओढला तर ते थोडे हाताबरोबर वर आले.

मी ओरडले असेन, कारण मालक बांधावरून धावत आले. त्यांनी वाकून आत पाहिलं आणि म्हणाले, "मुळ्या हायत." खरंच मुळ्या होत्या. तड्यातून एक मूळ आत शिरलं होतं आणि आतल्या आत त्याच्या पांढऱ्या बारीक तंतूंनी अख्खं गाडगं भरून टाकलं होतं. मी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. तरी माझ्या बोटांना पटत नव्हतं. मालक कमरेचा विळा काढून त्या कापायला वाकले. त्यांचा हात आत जाईना. ते तसेच वाकून राहिले, मग विळा परत कमरेला खोचला आणि माझ्याकडं न बघता निघून गेले.

आत्याबाई तोवर आल्या होत्या. त्यांनी गाडग्यात बघितलं, खाली बसल्या आणि खापरी परत ठेवली.

"लई केस व्हते तिचे," त्या म्हणाल्या. "मीच विंचरलं हुतं शेवटी."

मग तिथंच, सडावर बसून, त्यांनी सांगितलं. भावाच्या घरात सगळे आजारी पडलेत हे कळल्यावर त्या सासरहून आगगाडीनं आल्या. आल्या तेव्हा आठ माणसं ओळीनं अंथरुणावर होती आणि उभं राहील असं एक नव्हतं. गावातही तेच, कुणी कुणाच्या दारात येत नव्हतं. विहीर खोल. त्या एकट्या. एक घागर शेंदून आणायची, आठ तोंडांत घालायची, शेवटच्या तोंडाशी येईपर्यंत घागर संपायची आणि पहिला पुन्हा पाणी मागायला लागायचा. बोलता बोलता त्या बोट दाखवत गेल्या. हा माझा भाऊ. ही वैनी. हा थोरला भाचा. अशा सातव्यापर्यंत, मालकांच्या पहिल्या बायकोपर्यंत आल्या.

"ही कडंला हुती, भितीपाशी. सतरा वर्साची. तिच्यापतोर पानी कवाच पुरलं न्हाय. म्हनून हिला पयलं."

"आत्याबाई, त्यांना अजून तहान असती व्हय?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? मी आपलं घालती."

त्यानंतर मी रोज सातव्यापासून सुरुवात केली, पण मनापासून केली असं सांगितलं तर खोटं होईल. मी तेव्हा सतरा वर्षांचीच होते. घरात ती नव्हती, पण पहिलं पाणी तिचं होतं, चांगलं झाड तिचं होतं, आणि माझे मालक विळा घेऊन तिच्यापाशी अडखळले होते. माझ्याशी ते चांगले वागायचे. पण तिच्याबद्दल एक शब्द नाही. बोलले असते तर मला ती एवढी मोठी वाटली नसती.

पुढच्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. चैत्रातच विहिरीचा तळ दिसायला लागला. दिवसाकाठी पाझरून आठ-दहा घागरी जमायच्या, त्यात आम्ही तिघं, एक गाय आणि चाळीस झाडं. आत्याबाईंच्या पायात बाभळीचा काटा मोडून पाय सुजला होता, त्या खाटेवर होत्या. मला तेव्हा दिवस गेले होते, पाचवा महिना. मालक म्हणाले, "समदी झाडं जगायची न्हाईत. तुला जी जगवाविशी वाटतील ती जगव." आणि ते गायीच्या वैरणीसाठी जेऊरकडं जायला लागले.

कोणती जगवायची हे माझ्यावर आलं. मी तीन रांगांतली धडधाकट पंधरा झाडं धरली. पहिल्या रांगेतली सहा धरली. सातवं सोडलं. ते रोज घागरभर पाणी मागणारं गाडगं, एवढ्या पाण्यात दुसरी तीन झाडं निघतात, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण सोडताना मला बरं वाटलं, हेही खोटं नाही.

आत्याबाई खाटेवरून विचारायच्या, "सातव्याला घातलंस का गं?"

"व्हय," मी म्हणायची.

आठवडा झाला. सोडलेल्या झाडांची पानं वळली, पिवळी पडली. सातवं तसंच हिरवं. गाडगं पार तडकलं असेल, निदान खापर काढून घ्यावं म्हणून मी खापरी उचलली. पाणी गळ्याशी होतं.

 पाण्यात ते पांढरे केस हलत होते. खापरी ठेवून मी घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. भरलेलं. तिसऱ्या दिवशी गाडग्याभोवती चुलीतली राख चाळून पसरली, म्हणजे पाऊल उमटेल. चौथ्या दिवशी राखेवर मुंग्यांच्या वाटा होत्या. पाऊल नव्हतं. पाणी होतं.

कुणी माणूसच हे करत असणार, असं मी मनाशी घट्ट धरून ठेवलं. पाचव्या दिवशी जेवणानंतर विहिरीवर मोट रिती होते त्या दगडी थारोळ्याआड बसून राहिले. ऊन असं होतं की समोरची हवा पाण्यासारखी हलत होती. जरा वेळानं मालक आले. हातात त्यांचा प्यायचा तांब्या. ते सरळ सातव्या झाडाकडं गेले, राखेच्या अलीकडं उभं राहून वाकले आणि खापरी उचलली.

माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच संतापही आला. मी उठून गेले. "म्हंजे तुमीच घालताय व्हय? घरात प्यायला न्हाय, आन् हितं आनून वतताय!"

ते दचकले. तांब्या हातात तसाच भरलेला होता.

"आजच आलोय मी," ते म्हणाले. "तू घालत न्हाईस हे कळलं हुतं मला. पानं बगून न्हवं, तुज्या तोंडाकडं बगून कळलं. म्हनलं माज्या वाटचं तरी घालू. पन हे बग की."

मी बघितलं. भरलेलं होतं.

"रोज भरल्यालं असतंय," मी म्हणाले.  "मी दहा-बारा दिस झाले घातल्यालं न्हाय."

 मग ते राखेतच खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याबद्दल बोलले. गाडग्याकडं बघून बोलले, माझ्याकडं नाही.

"ती माज्या शेजारीच हुती. आत्या पानी आनायची. एकदा घागर सरता सरता आत्यानं माज्या तोंडाला वाटी लावली आन् म्हनली, निम्मं पी, निम्मं हिला दे. मला हात हलवता येत हुता. ती मागत हुती, मला ऐकू येत हुतं. मी समदं पिलो." खापरी परत ठेवत ते म्हणाले, "आत्याला म्हाईत न्हाय. तिला वाटतं पानी पुरलं न्हाय."

  त्यांनी तांब्यातलं पाणी झाडाच्या बुंध्याशी हळूहळू ओतलं. गाडग्याला ते लागतच नव्हतं.

संध्याकाळी मी आत्याबाईंपाशी बसले आणि कबूल केलं की मी सातव्याला पाणी तोडलं होतं, आणि तरी ते भरलेलं आहे. मालकांचं मी सांगितलं नाही, ते माझं नव्हतं. मला वाटलं त्या शिव्या देतील. त्या सुजल्या पायावरून हात फिरवत राहिल्या.

"म्हंजे आता ती मागत न्हाय म्हनायची," त्या म्हणाल्या. "देतीया."

वैशाखाच्या शेवटी विहीर चार दिवस पार आटली. तळाशी नुसता चिखल. मालक लांबच्या एका मळ्यातून दोन घागरी पाणी उसन्या बैलगाडीनं आणायला गेले होते, दुपार झाली तरी आले नव्हते. आत्याबाईंना उरलेला तांब्या दिला होता. माझ्या पोटातलं बाळ सकाळपासून हललं नव्हतं. जीभ टाळूला चिकटत होती. मी वाटी घेऊन बागेत गेले. वाटेत दोनदा परत फिरले. शेवटी खापरी उचलली, मुळ्या बोटांनी बाजूला सारल्या आणि वाटी भरून घेतली. पाणी गार होतं. मातीची आणि लिंबाच्या पानाची चव होती. मी निम्मं प्याले आणि थांबले. का थांबले ते मला माहीत आहे. कुणी वाटीला हात लावेल म्हणून मी वाट बघत होते. माझ्या मागं, सडापाशी, तो ओढून घेतल्याचा आवाज झाला. या वेळी मी वळून पाहिलं नाही. उरलेली निम्मी वाटी मी जमिनीवर ओतली, तो आवाज आला होता त्या बाजूला. मग पुन्हा वाटी भरली आणि ती पूर्ण प्याले. थोड्या वेळानं बाळ हललं.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. त्या दुपारी घरापर्यंत कशी आले ते आठवत नाही. पण तिच्यावरचा राग मात्र त्यानंतर राहिला नाही.

पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, मला मुलगी झाली. बावीस झाडं वाचली, त्यात सातवं होतं. पाऊस पडल्यापासून ते गाडगं इतर गाडग्यांसारखंच वागायला लागलं. भरावं, आणि दोन-तीन दिवसांत रिकामं व्हावं. आत्याबाई आणखी चार वर्षं होत्या. जायच्या आधी त्यांनी मला बजावलं, "माज्यासाठी गाडगं पुरू नगंस. मी पोटभर पिऊन चाललीया." आम्ही पुरलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी शेतकी खात्याचा एक साहेब आमची बाग बघायला आला. कोरडवाहू जमिनीत कमी पाण्यावर काय पिकतं हे तो गावोगाव बघत हिंडत होता. पायात बूट, हातात वही. भला माणूस होता. त्यानं एक-एक विचारलं, मी सांगत गेले. पेरानं वाजवून कसं निवडायचं, किती बोटं वर ठेवायचं, सड किती अंथरायचा. तो पेन्सिलीनं लिहून घेत होता. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय याचा मला अभिमान वाटला. बोलण्याच्या भरात मी त्या दुष्काळातल्या गाडग्याचंही सांगून बसले.

साहेब हसला नाही. "खाली पाझर असेल बाई," तो म्हणाला. "खोल गेलेल्या मुळ्यांनी ओल वर आणली असेल. बघायला पाहिजे." त्यानं मालकांच्या संमतीनं गाडग्याच्या एका बाजूला खणायला लावलं. मालकांनीच खणलं. कमरेएवढा खड्डा झाला. मुरूम निघाला, मुरमाखाली मांजऱ्या खडक. सगळं ठणठणीत कोरडं. साहेबानं खाली उतरून खडकावर हात फिरवला, बोटं बघितली. बोटांना पांढरी धूळ लागली होती. "अजून खाली असेल," तो म्हणाला.

"असंल," मालक म्हणाले, आणि खड्डा बुजवायला लागले.

साहेबानं वही उघडली, पेन्सिल धरली, आणि काही न लिहिता मिटली. त्याला केमची गाडी धरायची होती. मी त्याला दहा-बारा लिंबं रुमालात बांधून दिली. कोणत्या झाडाची ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.